तीस बाटल्यांचं किट आणि दोन वर्षांची वाट: घरगुती वाईन मुरते म्हणजे नक्की काय होतं

हे प्रकरण माझ्या जवळच्या एका जोडप्याचं आहे. टोरांटोच्या बाजूला मिसिसागामध्ये राहतात, नावं देत नाही, मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणतो तेच इथेही ठेवतो. त्यांनी किटपासून रेड वाईन केली, ती सुरुवातीला इतकी कडक लागली की ओतून द्यायचा विचार झाला, आणि तीच वाईन दीड वर्षाने आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहिली. मी यातल्या बहुतेक बाटल्यांना हजर होतो आणि वहिनींनी पहिल्यापासून वही ठेवली होती, त्यामुळे तारखा आणि आकडे आठवणीतले नाहीत, वहीतले आहेत. त्यांना विचारूनच लिहितोय.

पार्श्वभूमी

कॅनडात किटची वाईन ही खूप घरांमधली गोष्ट आहे. घरच्यासाठी करायला कायद्याने परवानगी आहे, विकता येत नाही. किट म्हणजे एका खोक्यात द्राक्षाच्या रसाची मोठी पिशवी (रस अधिक आटवलेला रस), यीस्टचं पाकीट, बेंटोनाइट माती, ओकच्या लाकडाचा भुगा किंवा चिप्स, सल्फाइट (वाईन हवेने बिघडू नये म्हणून), सॉर्बेट (यीस्ट परत सुरू होऊ नये म्हणून) आणि वाईन निवळायची दोन पाकिटं. सगळं मिळून २३ लिटर वाईन होते, म्हणजे ७५० मिलीच्या ३० बाटल्या. स्वस्त किटमध्ये पिशवी लहान असते, आटवलेला रस जास्त, आणि पाणी तुम्ही घालायचं. महाग किटमध्ये पिशवी मोठी, कधी सोबत द्राक्षाच्या सालींचं वेगळं पाकीट. ही सालींची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दादा नाशिकचा, द्राक्षं लहानपणापासून डोळ्यासमोर, पण वाईन कधी केलेली नाही. वहिनी औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करतात, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांचं पहिलं किट सप्टेंबर २०२१ मधलं, एक स्वस्तातलं चार आठवड्यांचं सोव्हिन्यॉं ब्लां, पांढरी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाटल्या भरल्या, तीन आठवड्यांनी उघडली आणि छान लागली, लिंबाच्या सालीसारखा ताजा वास, हलकी, सगळ्यांनी कौतुक केलं. दोन-चार महिन्यांत बऱ्याचशा बाटल्या संपल्या पण.

आणि इथेच एक चुकीचा समज तयार झाला, की किटची वाईन साधारण महिन्याभरात तयार होते.

रेडचं किट

आमच्या एका मित्राचा पन्नासावा वाढदिवस १४ मे २०२२ ला होता. दादाने ठरवलं की या वेळी रेड करायची, चांगल्यातली, आणि वाढदिवसाला घरची वाईन द्यायची. सालींच्या पाकिटासकट मोठ्या पिशवीचं कॅबरने सोव्हिन्यॉं घेतलं, साधारण १७० डॉलर, म्हणजे बुचं-बिचं धरून बाटलीमागे सहा डॉलर. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, २६ तारखेला सुरू केलं.

काम नीट झालं होतं हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळ्यांना वाटलं की करण्यातच काही चुकलं. बेसमेंट त्या दिवसांत १७ डिग्रीला होतं, तिथे यीस्ट रेंगाळलं असतं, म्हणून बादली वरच्या लाँड्री रूममध्ये २२ डिग्रीला ठेवली. हायड्रोमीटरवर (रसाची घनता मोजायची नळी, तिच्यावरून साखर कळते) सुरुवात १.०९४. साली मलमलच्या पिशवीत, रोज एकदा खाली दाबायच्या. दोन आठवड्यांनी ०.९९५, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत मोजलं तरी तेवढंच, म्हणजे साखर संपली. अल्कोहोलचा हिशोब १३ टक्क्यांच्या आसपास निघाला. मग कार्बॉयमध्ये, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या काचेच्या बाटलीत काढली, सल्फाइट-सॉर्बेट घातलं, ड्रिलला काडी लावून ढवळून ढवळून आतला कार्बन डायऑक्साइड काढला, निवळायची पाकिटं घातली, आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबले.

पहिला निर्णय: पाव चमचा सल्फाइट

बाटल्या भरायच्या दिवशी, २३ एप्रिलला, दोघांचा वाद झाला. किटच्या कागदावर लिहिलेलं होतं की सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर आणखी पाव चमचा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घाला. दादा म्हणाला अगं आपण घरची वाईन यासाठीच करतोय ना की त्यात केमिकल कमी असावं, आणि मेमध्ये तर प्यायची आहे. वहिनी म्हणाल्या ३० बाटल्या एका पार्टीत संपणार आहेत का? उरलेल्यांचं काय?

वहिनींनी हिशोब मांडला. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, त्यात सल्फर डायऑक्साइड साधारण ५७ टक्के, २३ लिटरमध्ये टाकलं तर लिटरमागे ३५ ते ४० मिलिग्रॅमची भर. बाजारातल्या वाईनमध्येही असतं तेवढंच हे प्रमाण. त्यांनी घातलं. हा निर्णय त्या दिवशी बारीकसा वाटला, पण मागे वळून बघितलं तर अख्ख्या प्रकरणातला हाच सगळ्यात बरोबर निर्णय होता, त्याचा पुरावा पांढरीने दिला, तो पुढे सांगतो.

गाळ वगळून २९ बाटल्या भरल्या.

अडचण

७ मेला, पार्टीच्या आठवडाभर आधी, एक उघडली. मी तिथे होतो. पहिला वास नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा. घोट घेतला तर कच्ची सुपारी चघळल्यासारखं तोंड आवळलं, हिरड्या कोरड्या पडल्या. मागून लाकूड, तेही वखारीतल्या ताज्या भुशासारखं, वाईनपासून वेगळं. फळाची चव जवळजवळ नव्हतीच, जी होती ती जॅम जास्त शिजल्यासारखी. दादाचं तोंड एवढंसं झालं. दहा आठवडे रोज सकाळी उठून बादली बघणारा माणूस, मला खरंच वाईट वाटलं.

वहिनींनी त्याच दिवशी वहीत पाच रकाने आखले: वास, तुरटपणा, आंबटपणा, लाकूड, आणि शेवटचा "परत प्यावीशी वाटते का". तुरटपणाला पाचपैकी पाच. शेवटच्या रकान्यात "नाही".

कोणते पर्याय होते

एक, तशीच पार्टीत द्यायची. दोन-तीन तास आधी जगमध्ये ओतून हवा लागू द्यायची. याने काडीचा वास जातो हे आम्ही तिथल्या तिथे करून बघितलं, खरंच बराच गेला. तुरटपणा मात्र तसाच.

दोन, फळं-साखर-सोडा घालून सांग्रिया. हा सोपा होता आणि पार्टीला चाललाही असता, पण सालींचं महाग किट घेऊन त्यात संत्री कापून टाकायची हे दादाला सहन होईना.

तीन, दुरुस्ती. म्हणजे सगळी बुचं काढायची, वाईन परत कार्बॉयमध्ये ओतायची, आणि गोडवा घालायचा किंवा अंड्याच्या पांढऱ्याने तुरटपणा कमी करायचा. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन तुरटपणा आणणाऱ्या टॅनिनला धरून खाली बसतं, जुनी युरोपियन पद्धत आहे, काम करते. पण २८ बाटल्या उघडून परत ओतताना जी हवा लागेल ती परत निघत नाही. शिवाय टॅनिन काढून टाकलं की पुढे मुरायला शिल्लक काय राहणार?

चार, ठेवून द्यायची, आणि पार्टीला सरळ एलसीबीओमधून (इथलं सरकारी दारूचं दुकान) वाईन आणायची.

शेजारी एक इटालियन काका राहतात, सत्तरीच्या पुढचे, दर सप्टेंबरला कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांच्या पेट्या आणून गॅरेजमध्ये वाईन करतात, इथल्या इटालियन घरांमध्ये ही पिढ्यांची रीत आहे. दादाने त्यांना एक ग्लास नेऊन दिला. त्यांनी तोंडात फिरवली, थुंकली, आणि म्हणाले चांगली आहे, उचलून ठेव. त्यांच्याकडे ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, नव्या वाईनची चव घेतात, पण ती फक्त चव. चांगली असेल ती पुढच्या वर्षासाठी. त्यांचं म्हणणं, आज मऊ लागणारी रेड पुढच्या वर्षी पाणी लागेल, आज तोंड आवळणारी असेल तर तिच्यात काहीतरी आहे.

दादाला हे लगेच पटलं, कारण आपल्याकडे लोणच्याचं हेच असतं ना. घातल्याच्या आठवड्यात कैरी वेगळी, मोहरी वेगळी, मीठ वेगळं लागतं. कोणी त्या दिवशी बरणी फेकून देत नाही. त्या दिवसापासून आमच्यात या वाईनसाठी "मुरणं" हाच शब्द पडला.

दुसरा निर्णय, आणि न विचार केलेला तिसरा

चौथा पर्याय घेतला. पार्टीला दोन बाटल्या फक्त चवीला नेल्या, मित्राला सांगितलं की ही तुझी वाईन आहे पण अजून झाली नाही. उरल्या २६.

ठेवायच्या कुठे, यावर मात्र कोणी पाच मिनिटंसुद्धा बोललं नाही. ओंटारियोतल्या पुष्कळ घरांना पुढच्या पायऱ्यांखाली बेसमेंटला लागून एक काँक्रीटची कोल्ड रूम असते, इटालियन लोक तिला कँटिना म्हणतात. त्यांच्या कोल्ड रूममध्ये कांदे, बटाटे, लोणच्याच्या बरण्या, तांदळाची पोती. फळीवर १६ बाटल्या आडव्या मावल्या. उरलेल्या १० एका खोक्यात घालून शेजारच्या फर्नेस रूममध्ये (घर गरम करायच्या यंत्राची खोली), पाणी तापवायच्या टाकीच्या बाजूला ठेवल्या. जागा होती म्हणून. एवढंच कारण.

वहिनींनी दोन्हीकडे किमान-कमाल दाखवणारे थर्मामीटर लावले तेव्हा कळलं: कोल्ड रूम हिवाळ्यात ७ पर्यंत उतरते, जुलैत १९ पर्यंत चढते, पण हळूहळू. फर्नेस रूम वर्षभर २४ ते २७. वाईनसाठी १२-१३ डिग्री सांगतात, कोल्ड रूम त्याच्या आसपास झुलत होती, फर्नेस रूम दुप्पट. ठरलं की दर तीन महिन्यांनी दोन्हीकडची एकेक उघडायची.

पुढे काय झालं

जुलै २०२२, बाटलीत तीन महिने. कोल्ड रूमवाली: काडीचा वास गेलेला, लाकूड अजून वेगळं, तुरटपणा पाचाला साडेचार. फर्नेस रूमवाली: मऊ! तुरटपणा साडेतीन, फळ जास्त उघडलेलं. दादा म्हणाला चला सगळ्या फर्नेस रूममध्ये हलवू, वर्षभराचं काम सहा महिन्यांत होईल.

हा खरा कसोटीचा क्षण होता आणि मला अजून वाटतं की मी असतो तर हलवल्या असत्या. समोर चव होती, चव खोटं बोलत नव्हती. वहिनी म्हणाल्या अरे थांब, एक रीडिंग म्हणजे काही रीडिंग नाही, ऑक्टोबरची बघू.

ऑक्टोबर २०२२, सहा महिने. कोल्ड रूमवाली: पहिल्यांदा काळ्या चेरीसारखा, जांभळासारखा वास आला, तुरटपणा सुपारीवरून कडक चहावर आलेला, म्हणजे आहे पण त्रास देत नाही. फर्नेस रूमवाली: बसलेली. मनुका भिजवून शिजवल्यासारखी चव, शेवट लवकर संपतो, कडेला रंगात तपकिरी झाक. तीन महिन्यांपूर्वी जी पुढे होती ती आता उतारावर. त्याच संध्याकाळी उरलेल्या आठ बाटल्या कोल्ड रूममध्ये आणल्या, कांद्यांची पेटी गॅरेजमध्ये गेली. हे मेमध्येच करता आलं असतं.

३१ डिसेंबरला कोल्ड रूममधल्या दोन उघडल्या, पाहुण्यांनी विचारलं कुठली आहे. जानेवारीत, नऊ महिन्यांवर, लाकूड पहिल्यांदा वेगळं लागलं नाही, थोडा व्हॅनिलासारखा वास आणि बस. ती शिजलेल्या जॅमची चव, जी किटवाल्या लोकांना सगळ्यांनाच ओळखीची असते, ती इथे खूप कमी झाली होती. पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२३, बारा महिने: वहीत शेवटच्या रकान्यात "हो, अजून आहे का?" असं लिहिलंय. हलवलेल्या फर्नेस रूमवाल्या मात्र जानेवारीतही आणि एप्रिलमध्येही तिथेच अडकलेल्या, ऑक्टोबरपेक्षा वाईट नाही झाल्या, पण सुधारल्या अजिबात नाहीत. त्यातल्या एकीचं बूच उष्णतेने वर सरकलेलं आणि गळ्याशी चिकट डाग. उरलेल्या सहा स्वयंपाकात गेल्या.

चव सुधारली की आपली सवय झाली?

वहिनींना हा प्रश्न छळत होता, आणि तो बरोबर प्रश्न आहे. आपण वर्षभर वाट बघितली, आपल्याला चांगली लागणारच ना. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी मुद्दाम तेच किट परत केलं, एप्रिलमध्ये बाटल्या भरल्या. जूनच्या मध्यावर, म्हणजे नवी बाटलीत आठ आठवडे आणि जुनी चौदा महिने, सहा जणांना बोलावलं. प्रत्येकापुढे तीन पेले, दोनमध्ये एकच वाईन, एकात दुसरी, वेगळी कोणती ते ओळखायचं. काचेच्या ग्लासात रंगावरून लगेच कळलं असतं, नवी जांभळी आणि जुनी विटकरीकडे झुकलेली, म्हणून घरचे स्टीलचे पेले घेतले आणि दिवा मंद केला.

सहापैकी पाच जणांनी बरोबर ओळखलं. अंदाजाने सांगितलं असतं तर एकेकाला तीनात एक संधी, पाच किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी. कोणती आवडली म्हटल्यावर पाचही जणांनी जुनी दाखवली. एक मर्यादा सांगायला हवी: किट तेच असलं तरी आतला रस दुसऱ्या वर्षीच्या द्राक्षांचा असू शकतो, त्यामुळे सगळा फरक वयाचाच असं छातीठोक नाही म्हणता येत. पण सवयीने आवडायला लागली हा संशय तरी गेला.

बाटलीच्या आत नक्की काय घडतं

आता हे थोडं सविस्तर, कारण "ठेवली की चांगली होते" एवढंच माहीत असलं की माणूस चुकीची वाईन ठेवतो आणि चुकीच्या जागी ठेवतो.

तुरटपणा ही खरी चव नाहीच, ती स्पर्शासारखी जाणीव आहे. साली, बिया आणि लाकडातून आलेली टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला धरतात, लाळेचं वंगण जातं आणि जीभ-हिरड्या घासल्यासारख्या वाटतात. बाटलीत ही टॅनिन एकमेकांशी आणि रेडच्या रंगद्रव्यांशी जोडली जातात, तुटतात, परत वेगळी जोडली जातात. बुचातून अगदी थोडा थोडा ऑक्सिजन येत राहतो, त्यातून असिटाल्डिहाइड नावाचं जे रसायन बनतं ते या जोडणीत पुलासारखं काम करतं. बदललेली टॅनिन लाळेला पूर्वीसारखी घट्ट धरत नाहीत, काही गाळ होऊन तळाला बसतात, आणि रंग जांभळ्यावरून विटकरी होतो. म्हणून जुन्या रेडच्या तळाशी गाळ दिसला तर घाबरायचं नाही, सावकाश ओतायची.

यासाठी आधी टॅनिन असायला तर पाहिजे. सालींचं पाकीट असलेल्या किटमध्ये ती भरपूर, म्हणून ती सुरुवातीला नकोशी लागते आणि नंतर वर जाते. लहान पिशवीच्या रेडमध्ये कमी, ती तीन महिन्यांत पिण्यासारखी होते आणि वर्षभरानंतर ठेवून फारसं काही मिळत नाही.

ताज्या वाईनचा फळासारखा वास बराचसा यीस्टने बनवलेल्या एस्टर नावाच्या सुवासिक रसायनांमुळे असतो, आणि त्यातले केळ्यासारख्या, गोळ्या-चॉकलेटसारख्या वासाचे जे आहेत ते वाईनच्या आंबट पाण्यात काही महिन्यांत मोडतात. रेडमध्ये ते गेल्याचं दुःख नसतं, त्यांच्या मागे दुसरं काही उभं असतं. पांढरीमध्ये बऱ्याचदा तेच भांडवल.

उष्णतेने या सगळ्या क्रिया वेगाने होतात पण सगळ्या सारख्या वेगाने वाढत नाहीत, हा कळीचा मुद्दा. टॅनिन मऊ होणं आणि फळ जळणं दोन्ही धावायला लागतं, सल्फाइटही लवकर संपतं, आणि शेवटी मऊ पण मेलेली वाईन हातात येते. जुलैची बाटली या शर्यतीच्या मध्यावरची होती, म्हणून ती फसवी.

आणि जे मुरून जात नाही तेही सांगतो. कार्बन डायऑक्साइड बाटलीत अडकला की अडकला, बूच लावल्यावर तो कुठे जाणार, म्हणून ढवळून काढायचं काम कार्बॉयमध्येच पूर्ण करायचं. व्हिनेगरचा वास, हवा लागून उतरलेली चव, अर्धवट राहिलेली साखर, यातलं काहीही वय दुरुस्त करत नाही. अजून न मुरलेली चांगली वाईन आणि बिघडलेली वाईन पहिल्या महिन्यात दोन्ही वाईटच लागतात, फरक ओळखायचा माझा ओबडधोबड मार्ग म्हणजे ग्लास झाकून रात्रभर ठेवायचा. सकाळी बरी लागली तर ठेवण्यात अर्थ आहे, व्हिनेगरकडे गेली तर नाही.

पांढरीचं काय झालं

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्ड रूम आवरताना त्या पहिल्या सोव्हिन्यॉं ब्लांच्या पाच बाटल्या मागच्या बाजूला सापडल्या. वर्षाच्या झालेल्या. दादा खूश, म्हणाला रेड एवढी सुधारली तर ही किती असेल. ग्लासात ओतली तर रंग चहासारखा पिवळा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. लिंबाची साल कुठेच नाही.

जागा तीच थंड, बुचं त्याच दुकानातली. फरक दोन: टॅनिन नाही, आणि भरताना जास्तीचं सल्फाइट घातलेलं नव्हतं, कारण तेव्हा लवकर प्यायची होती. ती तिच्या चौथ्या महिन्यात संपवायला हवी होती, तेव्हा ती सगळ्यात चांगली होती. या पाच बाटल्या बघितल्यावर दादा पाव चमच्यावर परत कधी भांडला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

तारखेपासून उलटं मोजायला हवं होतं. मेमध्ये पन्नासावा आहे हे सगळ्यांना दोन वर्षं आधी माहीत होतं. सालींचं किट त्याच्या आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सुरू केलं असतं तर वाढदिवसाला ती बारा-तेरा महिन्यांची असती. किंवा मग घाई होती तर टॅनिन कमी असलेलं लहान किट घ्यायचं. महाग म्हणजे लवकर चांगलं होईल असं वाटतं, पण वाईनच्या बाबतीत उलटं आहे.

जागा बाटल्या भरायच्या आधी रिकामी करायची. ज्यांच्याकडे कोल्ड रूम नाही त्यांनी बेसमेंटच्या फरशीवरचा, बाहेरच्या भिंतीलगतचा अंधारा कोपरा बघावा, किंवा कपाटाचा तळ. स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवायचा शोभेचा रॅक असतो ना, ती सगळ्यात वाईट जागा, उष्णता पण आणि थरथर पण.

चार-पाच अर्ध्या, ३७५ मिलीच्या बाटल्या भरायच्या, फक्त तपासणीसाठी. त्यांनी तपासणीत पूर्ण बाटल्या घालवल्या, आणि ज्या महिन्यांत वाईन नीट नव्हती त्याच महिन्यांत जास्त उघडल्या गेल्या. लहान बाटली थोडी लवकर मुरते हे लक्षात ठेवून वाचायचं, पुढचा अंदाज येतो.

बाटलीत भरण्याआधी तीन-चार महिने कार्बॉयमध्येच ठेवणं हाही एक मार्ग आहे. सगळी वाईन एकसारखी होते, गाळ तिथेच बसतो, गॅस निघायला वेळ मिळतो. पण कार्बॉय गळ्यापर्यंत भरलेला असायला पाहिजे, एअरलॉकमधलं (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत येऊ न देणारं झाकण) पाणी आटू द्यायचं नाही, सल्फाइट मधून मधून बघायचं. इकडे डिसेंबर-जानेवारीत लोक महिना महिना भारतात जातात, त्या काळात कार्बॉयकडे बघणार कोण? त्यांच्या घरासाठी बाटलीच बरोबर होती असं मला वाटतं. वहिनींना मात्र पुढचं किट कार्बॉयमध्ये ठेवून बघायचंच आहे.

बुचांवर खर्च करायला हवा होता. त्यांनी घेतलेली बुचं भुशाची दाबलेली होती, वर्ष-दोन वर्षांसाठी ठीक. त्यापुढे ठेवायची असेल तर चांगलं अखंड बूच पाहिजे. आणि बूच मारल्यावर तीन-चार दिवस बाटल्या उभ्या ठेवून मग आडव्या, हे त्यांनी केलं होतं, बरोबर केलं.

शेवटच्या बाटल्या

ऑक्टोबर २०२३ ला, अठरा महिन्यांवर, उघडली ती या अख्ख्या किटमधली सगळ्यात चांगली. चेरी, थोडी तंबाखूच्या कोरड्या पानासारखी झाक, तुरटपणा पाचाला दोन, गिळल्यावरही चव थांबते. एप्रिल २०२४ ला, दोन वर्षांवर, अजून छान पण फळ किंचित पातळ झालेलं. वहिनींनी वहीत लिहिलं: "आता थांबू नये." कोल्ड रूममध्ये चार उरल्या होत्या.

मेमध्ये त्याच मित्राचा बावन्नावा होता. मोठी पार्टी नव्हती, आम्ही आठ जण, मटण आणि भाकरी. चारही बाटल्या तासभर आधी उघडून ठेवल्या. पहिला पेला मित्राला दिला, त्याने वास घेतला आणि विचारलं, ही तीच का? दादा म्हणाला, हो, आता झाली.

फळीवरच्या त्या जागी आता दुसरं किट आहे, एप्रिल २०२३ चं. सगळ्या बाटल्या एकाच ठिकाणी, आणि प्रत्येकीच्या गळ्यात भरल्याच्या तारखेची चिठ्ठी.